एकाला डाइव्ह करायची आहे, दुसऱ्याला नाही: कोल्हापूरहून स्कूबा सहलीचे नियोजन

स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणे, करणारा माणूस एका सकाळी सहसा दोन डाइव्ह करतो. प्रत्येक डाइव्ह साधारण चाळीस ते पन्नास मिनिटांची असते आणि दोन डाइव्हच्या मध्ये तासभर तरी बोटीवर थांबावे लागते. साहित्य जमवणे, बोटीचा प्रवास आणि परत आल्यावर सगळे गोड्या पाण्यात धुऊन वाळत घालणे हे धरले, तर सकाळी साडेसहाला हॉटेल सोडलेला माणूस दुपारी एकपर्यंत मोकळा होत नाही, आणि जेवण झाले की त्याला गाढ झोप लागते. सोबत आलेल्या, डाइव्ह न करणाऱ्या माणसाने एवढा वेळ काय करायचे, हा प्रश्न तिकिटे काढण्याआधीच सोडवलेला असावा.

मी डाइव्ह करते. माझ्या यजमानांना पोहता येत नाही आणि शिकण्याची इच्छाही नाही. आमच्या पहिल्या सहलीत मी त्यांच्या वेळेचा विचार केला नव्हता, त्यामुळे सलग तीन सकाळी ते हॉटेलच्या व्हरांड्यात बसून राहिले. त्यांनी तक्रार केली नाही, पण परतीच्या प्रवासात 'पुढच्या वेळी तू तुझ्या मैत्रिणींबरोबर जा' असे शांतपणे म्हणाले, आणि ते मला लागले. तेव्हापासून मी प्रत्येक सहल त्यांच्या दिवसापासून आखायला सुरुवात करते आणि माझ्या डाइव्ह त्यात बसवते. कोल्हापूर परिसरातून पहिल्यांदाच अशा सहलीला निघणाऱ्यांनी, मग सोबत पती असो, बहीण असो, मित्र असो की आई, याच क्रमाने जावे असे मला मनापासून वाटते.

तिकिटांच्या आधी बोलणे

'मला पाण्यात उतरायचे नाही' या एका वाक्यामागे फार वेगवेगळी कारणे असतात. कुणाला पोहता येत नाही, कुणाला बोट लागते, कुणाचा कान दुखरा असतो, तर कुणाला तोंडात नळी धरून श्वास घेण्याची कल्पनाच नकोशी वाटते. ज्याला फक्त पोहता येत नाही, तो लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांना मास्क आणि तोंडात नळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणे, आनंदाने करील. ज्याला बोट लागते, त्याच्यासाठी किनाऱ्यावरूनच पाण्यात जाता येईल अशी जागा शोधावी लागेल. आणि ज्याला पाणी नकोच आहे, त्याच्यासाठी मुक्कामाच्या ठिकाणी बाजार, देऊळ, किल्ला किंवा जंगलातली वाट, निदान चांगली सावली तरी हवी. नेमके कारण कळले की सहलीची जागा निम्मी ठरल्यासारखी असते.

'एकदा उतरून तर बघ' असा आग्रह मात्र कुणीही करू नये. आपल्याकडे ताटात वाढताना आग्रह शोभतो, पाण्यात उतरवताना तो धोक्याचा ठरतो, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. पाण्यात दर १० मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुपटीने फुगू पाहते. म्हणून स्कूबातला पहिला नियम असा की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. मनाविरुद्ध उतरलेला माणूस घाबरतो, श्वास रोखतो आणि वर झेप घेतो. त्यात फुप्फुसाला इजा होऊ शकते. ज्याची स्वतःची इच्छा आहे त्यानेच उतरावे.

कोल्हापुरातच उरकायची कामे

ज्याला डाइव्ह शिकायची आहे त्याने 'ओपन वॉटर' हा पहिला अभ्यासक्रम करावा. पॅडी आणि एसएसआय या दोन संस्थांची प्रमाणपत्रे जगभर चालतात, आणि या प्रमाणपत्रावर १८ मीटर खोलीपर्यंत सोबत्याबरोबर डाइव्ह करता येते. प्रमाणपत्राशिवाय प्रशिक्षकाच्या हाताला धरून केली जाते ती 'ट्राय डाइव्ह'. तिची मर्यादा १२ मीटर असते, आणि प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा त्याहून बरीच उथळ होते.

अभ्यासक्रमाला तीन ते चार दिवस लागतात. त्यातला वाचनाचा भाग ऑनलाइन करता येतो आणि तो घरून निघण्यापूर्वी पूर्ण करावा. बेटावर जाऊन दिवसभर मोबाइलवर धडे वाचणाऱ्याच्या शेजारी बसून राहणे सोबतच्या माणसावर फार अन्यायाचे आहे. घरीच वाचून गेलात तर तेवढा वेळ दोघांना मिळतो.

पोहण्याची चाचणीही असते: कोणत्याही पद्धतीने सलग २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे. आपल्याकडे पुष्कळ जण विहिरीत किंवा पंचगंगेत पोहायला शिकलेले असतात. त्यांची पाण्याची भीती केव्हाच गेलेली असते, पण विहिरीत सलग अंतर कापण्याची सवय होत नाही. महिनाभर आधीपासून रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकसारख्या तलावात नियमित जाऊन दम वाढवावा. वेगाला महत्त्व नाही. संथ, एका लयीत, न थांबता पोहता यायला हवे.

वैद्यकीय फॉर्म ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. दमा, हृदयविकार, फिट्स, फुप्फुसाचा जुना आजार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांविषयी त्यात प्रश्न असतात, आणि एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाला 'हो' असे उत्तर आले की डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. माझ्या लहानपणीच्या दम्यामुळे मला एकदा बेटावर पोहोचल्यावर डॉक्टर शोधत फिरावे लागले आणि त्यात अख्खा दिवस गेला. फॉर्म आधीच मागवून घ्यावा, कोल्हापुरातल्या डॉक्टरांकडून, शक्यतो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडूनही, तपासणी करून पत्र सोबत ठेवावे. फॉर्मवर खोटे 'नाही' लिहू नये, कारण तो फॉर्म तुमच्याच जिवासाठी आहे.

पहिली सहल मालवणची

थेट अंदमानचे विमान पकडण्यापूर्वी दोघांनी मालवणला दोन रात्री काढाव्यात, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. कोल्हापूरहून फोंडा घाटाने चार-पाच तासांत मालवण गाठता येते. डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो, पावसाळ्यात ते बंद राहते, आणि पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ डिसेंबर ते फेब्रुवारीत मिळते. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत प्रशिक्षक तुम्हाला काही मीटर खोल नेतात, आणि तेवढ्यावरून आपल्याला हे जमणार आहे का, दाबाने दडे बसलेले कान मोकळे होतात का, मास्कमध्ये पाणी आल्यावर जीव घाबरतो का, या प्रश्नांची खरी उत्तरे मिळतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्रही आहे.

डाइव्ह न करणाऱ्यासाठी मालवणइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला किल्ला आणि त्यातले शिवराजेश्वराचे मंदिर पाहायला सकाळ पुरत नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे होडीतून फिरता येते, आणि माशांच्या लिलावाच्या वेळी बंदरावर उभे राहिले तरी तासभर सहज जातो. दुपारी दोघांनी एकत्र बसून सुरमईचे ताट आणि सोलकढी घ्यावी. डाइव्हच्या आधी मात्र पोट हलके असावे.

आता मालवणहून परतण्याविषयी, आणि हा भाग कोल्हापूरकरांनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

पाण्याखाली दाबाने भरलेली हवा घेताना तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरातल्या ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो, आणि त्याला तास न् तास लागतात. एवढ्यात आपण उंचावर गेलो तर बाहेरचा दाब कमी होतो आणि तोच वायू शरीरात बुडबुड्यांच्या रूपाने सुटू शकतो. गोटी सोड्याची बाटली डोळ्यांसमोर आणावी: गोटी आत दाबली की दाब सुटतो, आणि तोपर्यंत स्वच्छ दिसणारे पाणी फसफसून वर येते. शरीरात असे घडले तर सांधे दुखणे, मुंग्या येणे, चक्कर येणे यांपासून थेट अर्धांगापर्यंत परिणाम होऊ शकतात. म्हणूनच डाइव्हनंतर विमान प्रवासाचे नियम आहेत: एकच डाइव्ह झाली असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे. बहुतेक प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात, आणि मीही तेच पाळते.

हा नियम फक्त विमानाचा आहे असे समजून आपण घाट विसरतो. डायव्हिंगच्या हिशेबात ३०० मीटरच्या वरची जागा उंचावरची धरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि आंबोली तर सातशे मीटरच्या जवळ. सकाळी डाइव्ह करून, जेवून, दुपारी तीनला गाडी काढली तर संध्याकाळपर्यंत आपण समुद्रसपाटीवरून थेट घाटमाथ्यावर पोहोचलेले असतो. मुंबई किंवा गोव्याच्या माणसाला ही अडचण येत नाही, आपल्याला हमखास येते. त्यामुळे शेवटच्या डाइव्हनंतर एक रात्र किनाऱ्यावरच काढावी, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घाट चढावा. घरी पोहोचल्यावर पाहुण्यांना घेऊन लगेच पन्हाळ्यावर जाण्याचा बेतही एक दिवस पुढे ढकलावा.

वाया गेल्यासारखा वाटणारा हाच दिवस माझ्या मते साऱ्या नियोजनाचा कणा आहे. त्या दिवशी डाइव्ह करणाऱ्याला पाण्यात जायची मुभा नसते आणि त्याला दुसरे कामही नसते. तो दिवस पूर्णपणे सोबत आलेल्या माणसाच्या इच्छेवर सोडावा: कुठे जायचे, किती वाजता उठायचे आणि काय खायचे हे त्यानेच ठरवायचे.

मोठ्या सहलीची जागा निवडताना

नेत्राणी बेट कर्नाटकात मुर्डेश्वरच्या समुद्रात आहे आणि कोल्हापूरहून गाडीने जाता येते. सोबतच्या माणसासाठी तिथे भव्य शिवमूर्ती, उंच गोपुर आणि समुद्रकाठ आहे. दोन-तीन दिवसांची सहल म्हणून ती छान होते. लक्षद्वीपचे पाणी अतिशय नितळ आहे, परंतु तिथे जाण्यासाठी भारतीयांनाही परवाना काढावा लागतो आणि अगत्तीचे विमान मुख्यतः कोचीहून असते. बेटे लहान असल्यामुळे ज्याला पाणी नकोच आहे त्याला तिथे दोन दिवसांनंतर करण्यासारखे थोडेच उरते. पहिल्या मोठ्या सहलीसाठी मी अंदमानच सुचवीन. तिथल्या नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही, पाणी वर्षभर उबदार असते, आणि डाइव्ह न करणाऱ्यासाठी पाहण्यासारखे भरपूर आहे.

अंदमानचे वेळापत्रक उलटे मांडावे

नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा. त्यातही बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा अनुभव लक्षात घेता जानेवारी ते एप्रिल अधिक भरवशाचा असतो. कोल्हापूरहून आधी बेंगळुरू, चेन्नई अशा मोठ्या शहरात आणि तिथून पोर्ट ब्लेअरला जायचे. या शहराचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. तिकिटांवर आणि लोकांच्या बोलण्यात दोन्ही नावे येतात. डायव्हिंगची बहुतेक केंद्रे स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर आहेत, आणि तिथे फेरीबोटीने दोन तासांच्या आसपास लागतात.

कागदावर सर्वांत आधी परतीच्या विमानाची वेळ लिहावी. तिच्या मागे चोवीस तास मोजून तिथे रेघ ओढावी. त्या रेघेनंतर डाइव्ह नाही. रेघेच्या मागे अभ्यासक्रमाचे चार दिवस मांडावेत. त्यांच्याही मागे एक दिवस मोकळा सोडावा, कारण हवामान बिघडले की फेरीबोटी रद्द होतात, आणि सर्दी झाली तर कान मोकळे होईपर्यंत थांबावेच लागते. चोंदलेल्या नाकाने डाइव्ह केल्यास कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. औषध घेऊन नाक तात्पुरते उघडून उतरणेही चुकीचे आहे, कारण औषधाचा परिणाम पाण्याखालीच संपू शकतो. येण्याजाण्याचे दिवस धरून नऊ दिवसांपेक्षा कमी वेळात हे सारे नीट बसत नाही. रजा तेवढी नसेल तर अभ्यासक्रम बाजूला ठेवून एखाद-दुसऱ्या ट्राय डाइव्हवर समाधान मानावे.

बरेच जण पोहोचल्या दिवशीच सेल्युलर जेल पाहून घेतात. तुम्ही ते शेवटच्या, विमानाआधीच्या दिवसासाठी ठेवावे. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात पाखांपैकी तीनच आज उभ्या आहेत. सावरकर आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव दोघेही तिथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगत होते. मराठी माणसाने ते घाईघाईत पाहू नये. यजमानांनी त्या कोठडीसमोर उभे राहून अर्धा तास एक शब्दही उच्चारला नाही, आणि मला घड्याळाकडे पाहावे लागले नाही, कारण त्या दिवशी माझी कुठलीही बोट सुटणार नव्हती.

सोबतच्या माणसाची सकाळ

स्वराज द्वीपावर पहाट फार लवकर होते, कारण घड्याळ आपल्याच वेळेचे आणि सूर्य मात्र पूर्वेकडचा. हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधारून येते, त्यामुळे फिरण्याची कामे दुपारी उशिरापर्यंत ठेवून चालत नाही. डाइव्ह करणाऱ्याच्या पहिल्या सकाळी दुसऱ्याने एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंगला जावे; लाइफ जॅकेट आणि मार्गदर्शक दोन्ही मिळतात, आणि पोहता न येणाऱ्यालाही प्रवाळ आणि मासे दिसतात. दुसऱ्या सकाळी सायकल किंवा स्कूटर घेऊन काळापत्थर किनारा आणि वाटेवरचा बाजार करता येतो. राधानगर किनारा मात्र संध्याकाळसाठी, दोघांनी मिळून जाण्यासाठी राखावा. आपल्या राधानगरीशी जुळणारे हे नाव आम्हा दोघांनाही पहिल्याच दिवसापासून घरचे वाटले. अंदमानात काही खाड्यांमध्ये मगरी असतात. सूचनाफलक आणि जीवरक्षक सांगतील तिथेच पाण्यात उतरावे.

एक सकाळ सोबतच्या माणसाने डाइव्हच्या बोटीवर काढावी, पण एकच. बोट नांगरून उभी असताना सर्वांत जास्त डोलते. ज्याला बोट लागते त्याने डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच गोळी घ्यावी, क्षितिजाकडे पाहत बसावे आणि पोट अगदी रिकामे ठेवू नये.

बोटीवर थांबणाऱ्याला पाण्याखाली काय घडते आहे ते कळत नाही, आणि त्याची काळजी आपल्याला जाणवत नाही. मालवणला मी पहिल्यांदा खोल गेले तेव्हा यजमान कठड्याला धरून माझे बुडबुडे पाहत होते. प्रवाहाने आम्ही थोडे पुढे सरकलो, लाटांत बुडबुडे दिसेनासे झाले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा बोट चालवणाऱ्या तांडेलाने त्यांना दुसऱ्या बाजूला नेऊन हाताने दाखवले: "थंय बघा. बुडबुडे दिसतत ना? मगे कित्याक घाबरतास?" मी वर आले तेव्हा त्यांनी कठडा अजूनही घट्ट धरलेला होता. त्या दिवसापासून पाण्यात उतरण्यापूर्वी मी त्यांना चार गोष्टी सांगते: किती वाजता खाली जाणार, साधारण किती वाजता वर येणार, प्रवाह कुठल्या दिशेला आहे, आणि वर आल्यावर डोक्यावर हाताचे मोठे वर्तुळ केले की सगळे ठीक आहे असे समजायचे. ही सूचना प्रत्येक जोडीने पाठ करावी.

सामान आणि पैसे

नवशिक्याने साहित्य विकत घेऊ नये, केंद्रावर सगळे भाड्याने मिळते. अपवाद मास्कचा. तो चेहऱ्याला नीट बसणारा, स्वतःचा असावा. चष्मा असणाऱ्यांनी नंबरची काच बसवलेला मास्क मागवावा. भरघोस मिशी राखणाऱ्यांच्या मास्कमध्ये नाकाखालून पाणी झिरपते, तेव्हा तेवढी कड कातरून घ्यावी. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा बरा, त्याने प्रवाळालाही अपाय होत नाही. प्रवाळाला हात लावू नये आणि तुकडाही उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. बेटावर मोबाइलचे नेटवर्क कधी कधी दगा देते, म्हणून थोडी रोख रक्कम दोघांनीही वेगवेगळी जवळ ठेवावी.

खर्चाबाबत एक पथ्य पाळावे. डाइव्ह करणाऱ्याचा अभ्यासक्रम हा सहलीतला मोठा खर्च असतो. सोबतच्या माणसासाठीही आधीच एक ठरावीक रक्कम बाजूला काढावी आणि ती कशी खर्च करायची हे त्याच्यावर सोडावे, म्हणजे त्याला स्कूटर भाड्याने घेताना किंवा चांगल्या हॉटेलात जेवताना संकोच वाटत नाही.

केंद्राला फोन करताना

पैसे भरण्यापूर्वी केंद्राशी स्वतः बोलावे. एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती शिकाऊ असतात, डाइव्ह न करणाऱ्याला बोटीवर येता येते का आणि त्याचे किती पैसे पडतात, बोटीवर सावली, शौचालय आणि पाण्यातून वर यायला शिडी आहे का, सर्वांना पुरतील इतकी लाइफ जॅकेट आहेत का, हे विचारावे. मग शेवटी विचारावे की आणीबाणीसाठी बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो का, आणि डाइव्हच्या त्रासावर उपचार करणारे जवळचे रुग्णालय कोणते. या दोन प्रश्नांना क्षणाचाही विलंब न लावता उत्तर मिळाले तर पैसे भरावेत. समोरचा माणूस घुटमळला तर दुसऱ्या केंद्राला फोन लावावा.